उठाव आणि गादी

‘खोगीरभरती’ हा शब्द आमच्या घरात रोज वापरात आहे. बाबा तो टीव्हीवरच्या चर्चांना लावतात, आई लग्नातल्या आहेराच्या वस्तूंना, आणि मी ऑफिसातल्या काही मीटिंगांना, अर्थात मनातल्या मनात. कामाचं काही नाही, नुसती जागा भरली आहे, असा त्याचा अर्थ. मूळ गोष्ट मात्र बोलताना कुणाच्या डोक्यात नसते. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर बसायचं आसन, आणि त्याच्या पोटात चिंध्या, लोकर, जे हाताला लागेल ते कोंबायचं, ती खोगीरभरती.

गेले आठ महिने मी शनिवार-रविवारी हेच काम खरोखर करतोय. खोगिराचं नाही, ते फार मोठं काम आहे. मी करतोय ते घोड्याच्या तोंडावरच्या साजाचं, म्हणजे कपाळपट्टी आणि नाकपट्टी. त्यांच्याही पोटात भरती असते. ती चुकली तर घोड्याच्या तोंडावरचे केस जातात आणि कातडी सोलते. हे मला एका घोडीनं शिकवलं, आणि शिकवताना त्रास तिलाच झाला. म्हणून या वेळचं सदर तिच्यासाठी.

सुरुवात लेकीमुळे झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताच्या संघानं ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं आपलं याआधीचं सुवर्ण १९८२ च्या दिल्ली एशियाडमधलं, म्हणजे मध्ये ४१ वर्षं गेली होती. चौघांच्या त्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. त्या आठवड्यात आमच्या घरी फोनवर तेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालले. घोडा नाचल्यासारखा पावलं टाकतो, स्वार जवळजवळ हलत नाही, आणि घोड्याच्या कपाळावरची काळी चकचकीत पट्टी मधोमध फुगीर, गोलसर दिसते. मी त्या पट्टीकडे बघत होतो, लेक घोड्याकडे. पुढे ती शहराबाहेरच्या एका रायडिंगच्या वर्गात जायला लागली आणि तिला सोडायला दर रविवारी सकाळी मी.

तिथे एक वयस्क, शांत घोडी आहे. नवशिक्या मुलांना तिच्यावरच बसवतात. नाव बिजली, चाल मात्र बैलगाडीची. तिची कपाळपट्टी कडेला फाटली होती आणि सुतळीनं बांधली होती. लेकीनं सरांना परस्पर सांगून टाकलं, ‘बाबा चामड्याचं सगळं शिवतात.’ सगळं म्हणजे काय, तर दोन पाकिटं, एक पट्टा आणि चष्म्याचं एक घर. या सदरात मी पाकिटाची गोष्ट लिहिली होती, ती काहींना आठवत असेल. सर म्हणाले, ‘भैया, बना दो ना.’ आणि मी हो म्हणून बसलो.

आधी साजाची ओळख करून घेऊ. घोड्याच्या कानामागून जाते ती शिरपट्टी. सगळ्याचा भार तिच्यावर. तिला दोन्ही बाजूंनी गालपट्ट्या लागतात आणि त्यांना खाली तोंडातली लोखंडी कडी अडकवलेली असते. त्या कडीला लावलेले दोर म्हणजे आपण ज्याला लगाम म्हणतो ते. कानांच्या पुढून आडवी जाते ती कपाळपट्टी. शिरपट्टी मागे मानेकडे घसरू नये, हे तिचं काम. नाकावरून फिरून जबड्याखाली बकल लागतं ती नाकपट्टी. आणि गळ्याखालून सैल जाते ती गळपट्टी, साज डोक्यावरून निघून येऊ नये म्हणून.

यातल्या कपाळपट्टीला आणि नाकपट्टीला दोन प्रकारांनी जाड करता येतं आणि दुकानात हे दोन्ही प्रकार एकाच नावाखाली विकले जातात. पहिला प्रकार म्हणजे वरच्या बाजूनं फुगवणं. पट्टीच्या मधोमध चामड्याचीच एक बारीक पट्टी दडवून तिच्यावर वरचं चामडं ताणून बसवायचं. याला मी उठाव म्हणतो. दुसरा प्रकार म्हणजे खालच्या बाजूला, घोड्याच्या कातडीकडे, मऊ थर देणं. ती गादी. उठाव आणि गादी, ऐकायला इतिहासाच्या पुस्तकातलं प्रकरण वाटतं, पण फरक साधा आहे. उठाव बघणाऱ्यासाठी असतो. गादी घोड्यासाठी. उठावानं घोड्याला काहीही फायदा होत नाही. हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. फुगीर दिसतंय म्हणजे मऊच असणार, असं मी धरून चाललो होतो.

पहिला प्रश्न चामड्याचा. पाकिटासाठी मी वापरलेलं मऊ चामडं इथे चालत नाही. आज बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं आणि लवकर तयार होतं, पण ओलं करून दाबलं तर आकार धरत नाही, पुन्हा सपाट होतं. उठावाला हवं वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं चामडं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. नंतर त्यात चरबी आणि मेण जिरवतात, म्हणजे घाम-पाऊस सोसण्याची ताकद येते. असं काम करणारं देशातलं मोठं ठिकाण म्हणजे कानपूर. १८५७ नंतरच्या वर्षांत इंग्रजांनी तिथे फौजेसाठी घोड्यांच्या सामानाचा सरकारी कारखाना काढला, त्याच्याभोवती कातडी कमावणारे आणि शिवणारे जमले, आणि आजही कानपूरची खोगिरं आणि साज युरोप-अमेरिकेत जातात. ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकनही आहे, जसं नागपूरच्या संत्र्याला आहे. इंग्लंडमध्ये या कामाचं गाव वॉल्सॉल. तिथल्या फुटबॉल संघाला लोक आजही ‘सॅडलर्स’ म्हणतात, म्हणजे खोगीरवाले.

आपल्याकडे या कामाची खूण आडनावांत आणि जातींच्या नावांत राहिली आहे. जीन म्हणजे खोगीर, ते करणारे जीनगर. इंदुरातल्या वाचकांना पागनीसपागा माहीतच आहे. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना पागा म्हणजे घोडदळाची तुकडी, घोड्यांचा तबेला, हे आठवत असेल? होळकरांचं राज्य घोड्यांवर उभं राहिलं. घोड्यांना साज लागला आणि तो साज शिवणारे हात लागले. त्या हातांना मान किती मिळाला हे वेगळं सांगायला नको. मी पहिल्यांदा चामड्याचा तुकडा घरी आणला तेव्हा आजीनं तो बाल्कनीत ठेवायला लावला. ‘कातडं आहे ते, देवघराच्या अंगाला नको.’ पायातली चप्पल, हातातलं घड्याळ, माझा पट्टा, यांवर तिची हरकत नव्हती. हरकत शिवण्याला होती. मी वाद घातला नाही, पण ते डोक्यात राहिलं.

शिकवलं मला जुन्या इंदुरातल्या एका चाचांनी. दुकान म्हणजे चार फुटांची जागा, कामही आता बॅगांच्या चेनी आणि बुटांचे तळ. त्यांचे वडील महूच्या छावणीतल्या घोड्यांचं सामान दुरुस्त करायचे, त्यामुळे लहानपणी यांनी ते काम पाहिलं होतं, केलंही होतं. मी फाटकी पट्टी दाखवली तर त्यांनी ती आधी नाकाशी नेऊन हुंगली, मग वाकवली, मग म्हणाले, ‘यह तो मशीन की सिलाई है, बेटा. इसलिए खुल गई.’

मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की दोन्ही सुटत जातात. हातशिवणीत एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच एका भोकातून समोरासमोरून काढायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. घोड्याच्या साजात हे महत्त्वाचं, कारण पट्टी सुटते ती स्वार पाठीवर असतानाच.

आता उठावाचं काम. कपाळपट्टीचा पाया १९ मिलीमीटर रुंद घेतला. त्यावर मधोमध बसवायची भरतीची पट्टी १० मिलीमीटर रुंद आणि मध्यावर ३ मिलीमीटर उंच. ही पट्टी चौकोनी ठेवायची नाही. रापीनं दोन्ही कडा छिलून पाठ गोलसर करायची आणि दोन्ही टोकांकडे शेवटच्या इंचात छिलत छिलत कागदाइतकी पातळ करायची, म्हणजे उठाव कानापाशी हळूच जिरून जातो. टोकं जाड राहिली तर उठाव पायरीसारखा एकदम संपतो आणि वरचं चामडं तिथेच चिरतं. चाचांनी माझ्या पहिल्या तीन पट्ट्या न बोलता बाजूला टाकल्या होत्या.

वरचं चामडं किती रुंद कापायचं, हे मी गणितानं काढलं. बी.ई. केलंय तर कुठेतरी उपयोग व्हायला हवा. १० मिलीमीटर पाया आणि ३ मिलीमीटर उंची असलेल्या कमानीची लांबी येते सव्वाबारा मिलीमीटर. म्हणजे वरचं चामडं पायापेक्षा सव्वादोन मिलीमीटर जास्त रुंद हवं, एकूण सव्वाएकवीस. मी अगदी तेवढंच कापून नेलं. चाचांनी ते ओलं करून ताणलं, तर एका टोकाला कडा उरली आणि दुसऱ्या टोकाला कमी पडली. चामडं म्हणजे प्लास्टिकची शीट नव्हे. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा भाग ताणला जातो, आणि माझा तुकडा नेमका एका टोकाला पोटाकडे सरकलेला होता. त्यांचा नियम सोपा. पट्ट्या कण्याला समांतर कापायच्या, वरचं चामडं ढळढळीत मोठं ठेवायचं आणि शिवून झाल्यावर जास्तीचं कापून टाकायचं. माझं गणित चूक नव्हतं, पण त्यात जनावर धरलेलं नव्हतं.

ओलं करायचं म्हणजे भिजवायचं नाही. स्पंजनं पाणी लावायचं, चामडं गडद होतं. मग थांबायचं. रंग जवळजवळ पहिल्यासारखा झाला, पण हात लावला तर गार लागतंय, ती वेळ खरी. तेव्हा चामडं मातीसारखं ऐकतं. भरतीची पट्टी पायावर सोल्युशननं चिकटवलेली असते. तिच्यावर वरचं चामडं बसवून दोन्ही बाजूंच्या खाचा हाडाच्या पट्टीनं दाबत जायचं. हाडाची पट्टी नव्हती तोवर मी चमच्याचा दांडा वापरला, तोही चालतो. पहिल्या फेरीत काही दिसत नाही. दहाव्या फेरीला कमान दिसायला लागते. मग रात्रभर सावलीत वाळवायचं. मी घाईनं एकदा उन्हात ठेवलं आणि सकाळी हातात आलं ते पापडासारखं कडक काहीतरी.

वाळल्यावर शिवण, भरतीला अगदी लागून, दोन्ही बाजूंनी. हीच शिवण उठाव धरून ठेवते. ती एक मिलीमीटर जरी लांब गेली तरी मध्ये पोकळी राहते आणि महिन्याभरात कमान बसते. इंचाला ८ टाके, १३ इंचांचा उठाव, दोन ओळी, म्हणजे २०८ टाके. मला चार संध्याकाळी लागल्या. चाचांनी एकदा नमुन्यादाखल दोन इंच शिवून दाखवले, तेवढ्यात माझा चहासुद्धा गार झाला नव्हता. शेवटी कडा गोल करणं, रंग, कापडानं घासून घासून चमक, आणि मेण.

कपाळपट्टी बिजलीला बसली. चांगली दिसली. मुलांनी फोटो काढले, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर गेले, काकांनी अंगठे पाठवले. इथे थांबलो असतो तर हे सदर एवढंच झालं असतं. पण मी हवेत होतो. म्हटलं, जोडीला नाकपट्टीही करू. उठावही देऊ आणि आत गादीही.

गादीसाठी ६ मिलीमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा फोम घेतला. घोड्याला घाम भरपूर येतो, शोषणारा फोम आतून कुबट होतो. त्यावर पातळ मऊ चामड्याचं अस्तर. टेबलावर सपाट ठेवून सगळे थर चिकटवले, सपाटच शिवले. हातात घेतली तर अशी मऊ, की माझ्याच डोक्याखाली घ्यावीशी वाटली. चाचांना दाखवायला नेली नाही. आता मला येतंय, असं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी लेक वर्गातून आली ती गप्प. मग म्हणाली, ‘बाबा, बिजलीच्या नाकावरचे केस गेलेत.’ मी पुढच्या रविवारी पाहिलं. नाकाच्या हाडावर आडव्या तीन रेषा. मधल्या रेषेवर कातडी गुलाबी दिसत होती. सरांनी पट्टी आधीच काढून ठेवली होती. ते काही रागावले नाहीत, म्हणाले, ‘नया सामान है, होता है.’ पण लेक माझ्याकडे बघत होती. तिनंच सांगितलं होतं ना, बाबा सगळं शिवतात म्हणून.

पट्टी घरी आणली. टेबलावर ठेवली तर अस्तर गुळगुळीत. दोष दिसेना. आमच्या धंद्यात याला एक वाक्य आहे, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ प्रोग्रॅम ग्राहकाकडे बंद पडतो तेव्हा प्रत्येक इंजिनियर आधी हेच म्हणतो. माझं टेबल म्हणजे माझं मशीन होतं. मग मी पट्टी वाकवली, घोड्याच्या नाकावर वाकते तशी, आणि आत बघितलं. अस्तराला तीन सुरकुत्या, शिवणीसारख्या टणक.

कारण साधं होतं, आणि ते गणितातलंच होतं. वरचं चामडं आणि आतलं अस्तर यांत जवळजवळ ८ मिलीमीटरचं अंतर. पट्टी अर्धवर्तुळात वाकवली की बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा ८ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे २५ मिलीमीटर जास्त वाट लागते. घोड्याचं नाक काही अचूक अर्धवर्तुळ नसतं, फोम थोडा दबतो, चामडं थोडं ताणतं, तरी बरीचशी लांबी उरतेच. मी दोन्ही थर सारख्याच लांबीचे शिवले होते. आतलं जास्तीचं अस्तर जाणार कुठे? त्याच्या घड्या पडल्या आणि त्या घड्या बिजलीच्या हाडावर घासत राहिल्या. गादी जितकी जाड, तितकं अंतर जास्त, तितक्या घड्या मोठ्या. म्हणजे मी जितकं मऊ करायला गेलो, तितकं ते टोचलं.

चाचांकडे गेलो. त्यांनी पट्टी एकदाच वाकवली, आत बोट फिरवलं आणि विचारलं, ‘घोड़े की नाक मेज़ जैसी चपटी होती है क्या?’ नंतर बुटाचा लाकडी साचा काढला. बूट असो की साज, ज्या आकारावर बसायचं त्याच आकारावर ठेवून थर चिकटवायचे. आधी वरचं चामडं ओलं करून गोल ठोकळ्यावर बांधून वाळवायचं. मग ते वाकलेलं असतानाच फोम आणि अस्तर आतून लावायचं, अस्तर ताणून. उरलेलं अस्तर तिथेच कापायचं. शिवणही वाकलेल्या पट्टीवरच. हात अवघडतो, वेळ दुप्पट लागतो. दुसरी पट्टी अशी झाली. टेबलावर ती सपाट बसतच नाही, नालेसारखी उभी राहते. बघणाऱ्याला ती वाकडी वाटेल. नाकावर मात्र आतून गुळगुळीत.

तरी एक गोष्ट राहिली होती आणि ती शिवण्यातली नव्हती. नाकपट्टी किती आवळायची? जुना नियम असा की नाकाच्या हाडावर, पट्टीच्या खाली, मोठ्या माणसाची दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो. नाकाचं हाड खाली खाली पातळ होत जातं, म्हणून पट्टी फार खाली नको. गालावर जे आडवं धारदार हाड हाताला लागतं, त्याच्या टोकाखाली दोन बोटांवर ती असावी. आणि घोड्याला जबडा हलवता यायला हवा, चघळता यायला हवं. आवळून बांधलेलं तोंड बाहेरून शिस्तीचं दिसतं, पण तो घोडा गप्प असतो कारण त्याला बोलताच येत नाही.

आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी स्पर्धेतल्या ७५० घोड्यांच्या नाकपट्ट्या तपासल्या. २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन बोटं मावतील एवढी सैल पट्टी होती फक्त ७ टक्के घोड्यांची. ४४ टक्के घोड्यांच्या पट्टीखाली एकही बोट शिरत नव्हतं. हे कुणा अडाण्याच्या तबेल्यातलं नाही, स्पर्धांमधलं आहे. त्यावर बरीच चर्चा होऊन २०२५ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत नाकपट्टीचा सैलपणा एका ठरावीक मापकानं तपासायला लागले.

यात गादीचा वाटा मोठा आहे. ‘आतून मऊ आहे, आवळलं तरी चालेल’ असं वाटायला लावते ती गादीच. गादी दाब जास्त जागेवर पसरवते, पण आवळण्याचा जोर कमी करत नाही. सैल पट्टीला गादी असली तर घोड्याला बरं. आवळलेल्या पट्टीची गादी फक्त आवळणाऱ्याचं मन मऊ करते. म्हणून दुसरी नाकपट्टी देताना मी आतल्या बाजूला, बकलाजवळ, एक छोटी खूण दाबून दिली. बिजलीच्या मापानं दोन बोटं सैल येतात ते भोक. सरांना दाखवलं, लेकीलाही. आता दर रविवारी बसण्याआधी ती स्वतः बोटं घालून बघते. तिची बोटं लहान, म्हणून तिला चार घालायला सांगितली आहेत.

बिजलीच्या नाकावर केस परत आले. मधल्या रेषेवर मात्र बोटभर जागेत पांढरे आले. कातडीला दाबानं खोल इजा झाली की तिथे रंग येत नाही, केस कायमचे पांढरे राहतात. घोडी तपकिरी आहे, त्यामुळे ते लांबूनही दिसतं. लेक म्हणते, छान दिसतं, टिकली लावल्यासारखं. मी काही म्हणत नाही.

आजीला मी हे सगळं सांगितलं. पहिली पट्टी आणि दुसरी, दोन्ही तिच्या हातात दिल्या. तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. तिनं दोन्हींच्या आतून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘पहिलीत अस्तराला झोळ आहे रे. एवढं नाही कळलं?’ त्यानंतर माझं सामान बाल्कनीतून आतल्या खोलीत आलं. देवघरापासून लांबच, पण आत.

तुम्हांला घोड्याचा साज शिवायला मी सांगत नाही. हात बसवायचा असेल तर घरातल्या कुत्र्याचा पट्टा करून बघा. उठाव, गादी, वाकवून शिवणं, सगळं त्यात येतं आणि माप चुकलं तर कुत्रा लगेच सांगतो. पण एक गोष्ट मात्र सगळ्यांना करता येईल. आता लग्नांचे दिवस येतील. आपल्या इंदुरात वरात म्हटली की घोडी आलीच, भरजरी झूल, तोंडावर आरसे-झालरीचा साज. बँड सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं तिच्याजवळ जा. झालरीखाली, नाकाच्या हाडावर आणि कानामागे बघा. पांढरे केस, सोललेली जागा, पट्टीच्या कडेला चिघळ दिसते का. तोंडातली कडी काटेरी आहे का, हेही बघा. काटेरी कडी आणि टोचणारा साज वापरायला ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. घोडीवाल्याशी भांडू नका. त्याचं पोट तिच्यावरच आहे, आणि पुष्कळदा त्याला आतली सुरकुती दिसलेलीच नसते, जशी मला दिसली नव्हती. ‘भैया, दो उँगली ढीला कर दो’ एवढं म्हटलं तरी बहुतेक जण करतात. झालंच तर पट्टीखाली घालायला एक मऊ फडकं, सुरकुती न पाडता, आपल्या हातानं द्या.

आणि घरी कुणी खोगीरभरती म्हणून नाक मुरडलं, तर बिजलीची गोष्ट सांगा.